सात किलोचे बोचके

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. जावईही तिथेच कामाला आहेत. गेल्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. आमच्या घरातली ती पहिली पणती. निरोप आला तेव्हा आनंद झाला तसा पेचही पडला. ताईच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले होते आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर प्रवास करू नका म्हणून सांगितले होते. जावयांची आई हयात नाही. मग बाळंतिणीजवळ कोणी जायचे? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तेव्हा माझी आई चुलीपासूनच बोलली, "म्या जाते की. एवढ्या जणींची बाळंतपणं केली, नातीचं करायला काय झालं?"

आईचे वय पंचाहत्तरच्या आसपास असेल. शाळेत गेलीच नाही, तर जन्मतारीख कुठली? आधार कार्डावर तिच्या वयाच्या बहुतेक बायांची असते तशी १ जानेवारी लिहिलेली आहे. वडीगोद्रीच्या बाहेर ती गेली ती ऊसतोडीला, ६ डिसेंबरला दादरला आणि दोन वेळा नागपूरला. विमान तिने पाहिले होते ते रानात खुरपताना, मान वर करून. तिच्यासोबत मी जायचे ठरले. मी कारकुनी करणारा माणूस, चार दिवसांची रजा मिळाली. पुण्याहून पुढच्या रेल्वेचे पाहिले तर वेटिंगचा आकडा शंभराच्या पुढे. शेवटी भाच्याने मोबाईलवर विमानाची तिकिटे काढली. "मामा, सगळ्यात स्वस्त सापडलं. एसी डब्याच्या भाड्यापेक्षा थोडंच जास्त," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मीही त्याची पाठ थोपटली. ते 'सगळ्यात स्वस्त' काय होते ते मला पुण्यात कळले.

आमच्याकडे बाळंतिणीकडे मोकळ्या हाताने जायची रीत नाही. आई आठ दिवस आधीपासून कामाला लागली. डिंकाच्या लाडवांचा डबा, खारीक, गोडंबी, आळीव, ओवा, बाळंतशेपा. पुन्हा लाडू करायला लागले तर असू द्यावे म्हणून दोन किलो खोबऱ्याच्या वाट्या. घरचा काळा मसाला, ज्वारीचे पीठ, तुपाची बरणी. "तिकडं जवारी भेटत नसंल," हे तिचे म्हणणे. कर्नाटकात ज्वारी खातात हे मी तिला सांगितले, पण तिला ते पटले नाही. आणि या सगळ्यांच्या वर एक वाकळ. आईने तिची स्वतःची जुनी चार लुगडी फाडून, धुऊन, उन्हात वाळवून ती शिवली होती. दोन महिने दुपारी दारात बसून एकेक टाका घातला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला दोरा ओवता येत नाही, तो माझी मुलगी ओवून द्यायची. पणतवंडाला पहिल्यांदा या वाकळेवर निजवायचे हे तिने ठरवून टाकले होते.

तर आमच्या सामानाचे असे नग झाले: एक चेनची मोठी बॅग, आईची खाण्याच्या वस्तूंची थैली, माझी खांद्यावरची बॅग आणि वाकळेचे बोचके. रात्रीच्या गाडीने अहिल्यानगरमार्गे पुणे गाठले. चुलत भावाचा मुलगा हडपसरला राहतो, त्याने सकाळी विमानतळावर आणून सोडले.

काउंटरवर वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट हीच घडली असती. तिने तिकीट पाहिले, मोठी बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि म्हणाली, "सर, या तिकिटात बॅगेज नाही."

मी म्हटले, "पंधरा किलो तर सगळ्यांनाच असते ना?"

"नेहमीच्या तिकिटात असतं सर. तुम्ही बिनसामानाचं तिकीट घेतलंय. फक्त हातातली एक बॅग, सात किलो."

मोठ्या बॅगेचे वजन चौदा किलो भरले. त्याचे तिने जे पैसे सांगितले ते एका माणसाच्या भाड्याहून जास्त होते. मग तिने आईची थैली काट्यावर ठेवायला लावली. साडेआठ किलो. "दीड किलो काढावं लागेल." दोन डबे काढून माझ्या बॅगेत कोंबले. हे सगळे खाली बसून, लाडवांचा डबा एका बाजूला, पिठाची पिशवी दुसऱ्या बाजूला, मागे तीस-चाळीस माणसांची रांग. आणि मग तिची नजर बोचक्यावर गेली. "सर, हा वेगळा नग आहे. एका माणसाला एकच नग. हे पण लगेजला टाका, नाहीतर बाहेर कोणाकडे तरी द्या." मोठ्या बॅगेत ते मावणार नव्हते. मावले असते तरी पुन्हा किलोला पैसे.

रांगेतला एक गृहस्थ मागून बोलला, "एस.टी. समजून आलेत." दोघे-तिघे हसले.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहायला मला जड जाते. पण ते लिहिले नाही तर या लेखाला अर्थ नाही. गेली वीस वर्षे मी वस्तीत काम करतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधारांची पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, यासाठी मी लोकांसोबत तहसीलच्या खिडकीवर उभा राहतो. तिथे कोणी आपल्या म्हाताऱ्या माणसाला असे बोलले असते तर मी त्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिलो नसतो. पण त्या चकचकीत फरशीवर माझी वाचा बसली. त्या गृहस्थाला मी काही बोललो नाही. मी आईकडे वळून म्हणालो, "आण ते इकडं. किती सांगितलं एवढं घेऊ नको म्हणून. लोक बघायलेत."

आई काही बोलली नाही. तिने बोचक्याची गाठ सोडली, वाकळेच्या घडीत ठेवलेले एक टोपरे आणि दोन झबली काढून कमरेच्या पिशवीत ठेवली, पुन्हा गाठ मारली आणि बोचके माझ्या हातात दिले. पुतण्याला फोन लावला. तो अर्ध्या वाटेवरून परत आला. दारावरच्या जवानाने बरेच विचारून घेतले आणि मग बोचके त्याच्या हवाली झाले. मोठ्या बॅगेचे पैसे भाच्याने गावाहून मोबाईलवर पाठवले. माझ्याजवळ तेवढे नव्हते.

पुढे तपासणीत आणखी एक अडथळा. काउंटरवरून आल्यावर आईने आपल्या थैलीत काय ठेवले हे मी पाहिलेच नव्हते. यंत्रातून थैली गेली आणि जवानाने ती बाजूला घेतली. काळ्या मसाल्याची पुडी आणि खोबऱ्याच्या वाट्या. तो मुलगा उत्तरेकडचा होता, पण अदबीने बोलला. "माताजी, ये नहीं जाएगा." तिखटाची पूड हातातल्या सामानात चालत नाही हे समजण्यासारखे आहे, ती कोणाच्याही डोळ्यांत फेकता येते. पण खोबरे? आईने त्याला विचारलेच, "खोबऱ्यानं काय व्हतं रं बाबा?" त्याने हाताने आगीची खूण केली. आईला ते खोटे वाटले. मलाही वाटले. मागे काउंटरवर जाऊन वाट्या मोठ्या बॅगेत टाकाव्यात म्हटले, तर तो म्हणाला की तिकडेही चालत नाही. दोन किलो खोबरे तिथल्या पेटीत गेले.

विमानात बसायच्या दारापाशी मघाचा तो गृहस्थ भेटला. त्याच्याजवळ चाकांची बॅग, लॅपटॉपची बॅग आणि दुकानातून घेतलेली कागदी पिशवी होती. तिथे एक लोखंडी चौकट ठेवलेली असते, बॅग तिच्यात बसली पाहिजे. त्याची बसेना. तो गुडघ्याने दाबत होता, घामाघूम झाला होता, आणि तिथल्या मुलावर ओरडत होता. खोटे कशाला बोलू, मला क्षणभर बरे वाटले. मग त्याने पाकीट काढून पैसे मोजले, ते पाहून बरे वाटणे ओसरले. आम्ही दोघेही एकाच गिरणीत भरडले गेलो होतो. फरक इतकाच की त्याला आरडाओरडा करता येत होता.

विमान वर गेले. आईला खिडकी मिळाली होती. बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग एकच वाक्य बोलली, "त्या पोरानं वाकळ कुठं वल्यात तर नाही ठेवली?"

बेंगळुरूला पोहोचलो, बाळ पाहिले, आणि प्रवास विसरला गेला. खोबऱ्याची हकिगत ऐकून जावई हसायला लागले. त्यांनी संध्याकाळी बाजारातून दोन किलो वाट्या आणून ठेवल्या. पांढऱ्याशुभ्र, जाड, तेलकट. म्हणाले, "आजी, इथून जवळच तुमकुरू जिल्ह्यात तिपटूर म्हणून गाव आहे. खोबऱ्याची मोठी बाजारपेठ तिथं भरते. महाराष्ट्रातही तिथलं खोबरं जातं." आईने वाटी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "म्हंजी म्या त्यायचंच खोबरं त्यायलाच आणून दिऊ लागले व्हते का?"

रजा संपली, मी रेल्वेने परत आलो. आई महिनाभर राहिली.

घरी आल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी बी.कॉम. झालेला माणूस. लोकांना नेहमी सांगतो की अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी कागद वाचून घ्या. आणि मी स्वतः तिकीट वाचले नव्हते. भाच्याकडून ते मागवले, त्यातली बारीक इंग्रजी अक्षरे मोठी करून वाचली, आणि मग विमान खात्याचे नियम शोधून वाचत बसलो. जे समजले ते थोडे सांगतो. आपल्या घरांतून आता मुले शिकून दूर जात आहेत, आजी-आजोबा त्यांच्याकडे विमानाने जाऊ लागले आहेत, तेव्हा हे माहीत असलेले बरे.

आपल्याकडे स्वस्त विमानाची सुरुवात झाली २००३ साली. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन कंपनी त्या वर्षी सुरू झाली. एक रुपयाचे तिकीट म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. ती कंपनी पुढे राहिली नाही, पण तिचा धडा सगळ्यांनी घेतला: भाडे कमी दिसले पाहिजे, बाकीचे वेगळे लावायचे. आधी जेवण गेले. मग २०१५ साली विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना आवडीची जागा, जेवण, सामान अशा सेवांचे पैसे तिकिटापासून वेगळे घ्यायला मुभा दिली. पंधरा किलोच्या वरच्या सामानाला किलोमागे किती घ्यावे यावर २०१६ साली सरकारने बंधन घातले होते, पंधरा ते वीस किलोपर्यंत किलोला शंभर रुपये. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते बंधन रद्द केले. किलोचा दर त्यानंतर लगेच वाढला. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बिनसामानाच्या तिकिटाला परवानगी मिळाली. बॅग नसेल तर भाड्यात सूट, आणि बॅग घेऊन आलात तर काउंटरवर पैसे. भाच्याने काढलेले तिकीट हेच.

मोंढ्यात माल घातला की हातात पट्टी मिळते, तिच्यावर हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहिलेली असते. भाव ऐकून घरून निघालेला माणूस पट्टी पाहून गप्प होतो. विमानाच्या तिकिटाचे तसेच झाले आहे. पण मोंढ्यातली हमाली निदान हमालाच्या हातात पडते.

मात्र त्याच २०२१ च्या परिपत्रकात एक गोष्ट आहे. बॅग आणली तर किती पैसे लागतील हे तिकीट काढतानाच ग्राहकाला ठळकपणे दाखवले पाहिजे, तो आकार वाजवी असला पाहिजे आणि तिकिटावर छापला पाहिजे. आमच्या तिकिटावर ते होते. चौथ्या पानावर. भाच्याने चौथे पान पाहिले नाही, मी पहिलेही नीट पाहिले नाही. सामानाचे पैसे तिकिटासोबतच आधी भरले असते तर काउंटरपेक्षा बरेच कमी लागले असते.

सात किलोचे काय? एका माणसाला हातातली एकच बॅग, सात किलो वजनाची, लांबी-रुंदी-उंची मिळून साधारण ११५ सेंटिमीटर, असे आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचे गणित आहे. एका बॅगेचा नियम तपासणीच्या सोयीसाठी आहे. जितके नग जास्त तितकी यंत्रापाशी रांग जास्त. आणि वजनाला इंधन लागते हे तर उघड आहे. स्वस्त कंपनीचे विमान जमिनीवर अर्धा-पाऊण तास थांबते आणि पुन्हा उडते. उभे राहिलेले विमान पैसे कमावत नाही. प्रत्येक प्रवासी डोक्यावरच्या कप्प्यात बॅग कोंबत बसला तर तो वेळ वाढतो. पण गंमत अशी की लोक हातात एवढे सामान घेऊ लागले ते खालच्या सामानाला पैसे पडू लागले म्हणूनच. अमेरिकेत २००८ साली एका मोठ्या कंपनीने पहिल्या बॅगेलाच पंधरा डॉलर लावले, मग इतरांनी लावले, आणि लोक सगळे हातात घेऊन चढू लागले. मग हातातले सामान मोजायला सुरुवात झाली. साउथवेस्ट नावाची कंपनी दोन बॅगा फुकट नेऊ देत असे, तिनेही मे २०२५ मध्ये ते बंद केले.

युरोपातले लोक यावर कोर्टात गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की हातातले सामान हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे, वजन आणि आकार वाजवी असेल तर त्याला वेगळे पैसे लावता येणार नाहीत. स्पेनच्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात पाच स्वस्त कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे घेणे हे एक कारण होते. कंपन्या त्याविरुद्ध भांडत आहेत.

आपल्याकडे भांडण होते ते काउंटरवरच्या पोराशी. २०२५ च्या जुलैमध्ये श्रीनगर विमानतळावर सात किलोऐवजी सोळा किलोचे हातातले सामान अडवले म्हणून एका लष्करी अधिकाऱ्याने चार कर्मचाऱ्यांना मारहाण केली, अशी तक्रार विमान कंपनीने केली. नियम करणारा तिथे नव्हता, भाडे ठरवणाराही नव्हता. मार खाल्ला तो पगारदाराने. आमच्या काउंटरवरची ती मुलगीही कोणाच्या तरी घरची पहिली नोकरी करणारी असेल. तिने वजन सोडून दिले असते तर तिला कोणी जाब विचारला असता. हे मला तिथे सुचले नाही, घरी आल्यावर सुचले.

आणि एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. खाली जाणाऱ्या सामानाची एकच बॅग ३२ किलोच्या वर असून चालत नाही, मग तुम्ही कितीही पैसे भरा. कारण काय, तर ती बॅग शेवटी एक माणूस हाताने उचलून विमानाच्या पोटात टाकतो, त्याच्या पाठीला इजा होऊ नये. चांगला नियम आहे. असा नियम असू शकतो हेच मला माहीत नव्हते. माझी आई वीस हंगाम ऊसतोडीला गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. ती मोळी कोणी काट्यावर ठेवली नाही. ट्रक भरल्यावर कारखान्याच्या काट्यावर वजन व्हायचे ते ट्रकचे, आणि ते उसाच्या हिशेबासाठी. मी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती मोळी वाहत होती, हे तिनेच सांगितलेले आहे. अशा बाईला सत्तरीनंतर दीड किलो जास्त आहे म्हणून कोणी थांबवले. तिला त्या नियमाचा राग आला नव्हता. "वजन त्यायचं बरोबर व्हतं," असे ती नंतर म्हणाली. तिला राग आला होता तो माझा.

खोबऱ्याचेही खरे निघाले. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. गोणीत दाबून ठेवले की ते आपोआप तापते आणि बाहेरची आग न लागता पेटू शकते. जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबरे १३६३ या क्रमांकाने, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत नोंदवलेले आहे. तो जवान खरे बोलत होता. याच्या उलट मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक खालच्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते, म्हणजे पेटली तर निदान दिसते. लोणचे, तूप, मसाला हातातल्या थैलीत अडवतात. ते न्यायचेच असेल तर खालच्या बॅगेत, नीट बांधून.

रेल्वेतही वजनाची मर्यादा आहे हे किती जणांना ठाऊक आहे? स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो. ६ डिसेंबरच्या गाडीत आपल्या भाकरींच्या थैल्यांना कोणी काटा लावला नाही म्हणून ती आपल्याला जाणवली नाही.

मार्चअखेरीस कार्यालयातली कामे उरकून एका रात्री मी असाच एक नियम वाचत होतो. हातातल्या एका बॅगेशिवाय प्रवाशाला आणखी काय काय नेता येते याची ती यादी होती. बाईमाणसाची पर्स, छत्री किंवा हातातली काठी, वाचायला थोडी पुस्तके, तान्ह्या बाळाचे वाटेत लागणारे खाणे, अपंगाची घडीची खुर्ची, लॅपटॉप. आणि त्या यादीत होते: एक पांघरूण किंवा कांबळ.

मी ती ओळ तीन वेळा वाचली. वाकळ म्हणजे दुसरे काय? बोचके सोडून, घडी करून आईच्या हातावर टाकली असती आणि ही ओळ दाखवली असती, तर ती गेली असती. निदान मागता तरी आली असती. त्या मुलीला ही ओळ ठाऊक नसावी, किंवा घाईत तिला ते बोचके दिसले, पांघरूण दिसले नाही. पण मला ठाऊक असायला हवी होती. प्रत्येक कंपनी आपापल्या पत्रकात ही यादी थोडी कमी-जास्त करते, तेव्हा निघण्याआधी आपल्या तिकिटाच्या कंपनीची यादी पाहावी, जमल्यास छापून जवळ ठेवावी. वाद झाला तर आवाज न चढवता कागद दाखवावा. त्याउपर अन्याय वाटला तर पावती घ्यावी आणि सरकारच्या एअरसेवा या ठिकाणी किंवा ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

आई तोवर परत आली होती. मी तिला ती ओळ मराठीत सांगितली. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मंग त्या पोरीला ठावं नव्हतं का तुला?"

"दोघायलाबी नव्हतं."

"तू तर लोकायला कायदं सांगत फिरतोस."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने मीच म्हटले, "आई, त्या दिवशी मी तुला तसं बोलायला नको होतं." तिने सुपातले खडे निवडले, बाजूला टाकले. "त्या माणसाला बोलायला पाहिजे व्हतं," एवढेच म्हणाली.

वाकळ १४ एप्रिलला पुतण्या जयंतीला गावी आला तेव्हा घरी परत आली. त्याने ती नीट जपली होती. आईने ती उलगडून सगळीकडून पाहिली, उन्हात टाकली आणि पेटीत ठेवून दिली. पोस्टाने पाठवून देतो म्हटले तर नको म्हणाली. "पोष्टानं पाठवायची व्हती तर म्या कशाला शिवली?"

येत्या फेब्रुवारीत पणतीचा पहिला वाढदिवस आहे. तिकिटे या वेळी मी स्वतः काढली, चारही पाने वाचून, आणि पंधरा किलोचे पैसे आधीच भरून. परवा संध्याकाळी कामावरून येत होतो तर किराणा दुकानासमोर आई उभी दिसली. तिची थैली दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलेली होती. गिऱ्हाईक खोळंबले होते. वाकळ तिने घडी घालून डाव्या हातावर टाकली होती, आणि दुकानदाराने ती पण ठेवा म्हटल्यावर त्याला सांगत होती, "ती नाही मोजायची. ती पांघरूण हाये. कागद हाये माझ्या लेकाजवळ."

दुकानदाराने आकडा वाचून दाखवला. सहा किलो आठशे.

"मंग दोनशे गिराम ऱ्हायलेत की," आई म्हणाली आणि त्याच्याकडून भुईमुगाच्या शेंगा मागून घेऊ लागली.